स्टेंट बसला, घरी आले. पुढं कोण बघणार? हृदयरुग्णांवरचं नर्सिंग संशोधन आणि आपलं उपकेंद्र

आमच्या मामांना दोन वर्षांपूर्वी पुण्यात स्टेंट बसला. योजनेत बसलं, पदरचा खर्च फार आला नाही आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. गावात आल्यावर भेटायला माणसं आली, नारळ-सफरचंदं आली, जो तो "वाचलात बघा" म्हणाला. पाचव्या महिन्यात मामांनी एक गोळी बंद केली. कुठली, तर रक्त पातळ ठेवणारी. छातीत काही दुखत नव्हतं, गोळी महाग वाटत होती आणि मेडिकलमध्ये दोनदा ती शिल्लक नव्हती. डिस्चार्ज कार्डावर सगळं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. सातव्या महिन्यात रात्री दोन वाजता परत कळ आली आणि गाडी परत पुण्याच्या रस्त्याला लागली. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच.

मधल्या काळात आशाताई आठवड्यातून दोनदा मामांच्या दारावरून जात होत्या. उपकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे. पण "मामा, गोळ्या चालू आहेत का?" असं एकदाही कुणी विचारलं नाही. यात आशाताईंना दोष देता येत नाही. त्यांच्या कुठल्याच कागदावर मामांचं नाव हृदयरुग्ण म्हणून नव्हतं.

दरवर्षी २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन येतो. तालुक्याच्या गावी शिबिरं होतात, बीपी-शुगर तपासतात, फोटो येतात, आम्हीही बातमी लावतो. ज्याला अजून काही झालेलं नाही त्याच्यासाठी शिबिर चांगलंच. पण ज्याला एकदा झटका येऊन गेलाय, ज्याची झडप बदललीय, ज्याला चार पावलं चाललं की दम लागतो, त्याचं पुढच्या ३६४ दिवसांत काय होतं? या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त डोकं कुणी चालवलं असेल, तर ते नर्सेसनी. आपल्याकडं नर्स म्हटलं की इंजेक्शन आणि सलाईन एवढंच डोळ्यासमोर येतं. नर्सही संशोधन करतात, हे बऱ्याच जणांना नवीन वाटेल. म्हणून आज त्यावर जरा सविस्तर.

आधी आकडे, थोडक्यात

भारतात १९९० साली एकूण मृत्यूंपैकी साधारण १५ टक्के मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होत होते. २०१६ सालापर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे हा 'मोठ्या लोकांचा आजार' राहिलेला नाही. हे कुणाला पटत नसेल, तर आपल्या भावकीतलीच नावं मोजून बघा.

दुसरा आकडा जास्त टोचणारा आहे. २०११ साली 'प्युअर' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७ देशांतली शहरं आणि खेडी त्यात होती, भारतही होता. हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेली माणसं घरी असताना औषधं घेतात का, हे त्यात घरोघरी जाऊन पाहिलं. चार प्रकारची औषधं महत्त्वाची मानतात: रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, आणि बीपी-हृदयाच्या ठोक्याच्या दोन. गरीब देशांत दहापैकी आठ माणसं यातलं एकही औषध घेत नव्हती. एकही! आणि खेड्यात औषध घेणाऱ्यांचं प्रमाण शहरापेक्षाही कमी निघालं. ही औषधं काही नवी नाहीत, बहुतेक सगळी जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळतात. आमचे मामा एकटे नाहीत, एवढं त्यावरून कळतं.

'नुसता थकवा आलाय' म्हणणाऱ्या बाया

नर्सिंगचं संशोधन डॉक्टरांच्या संशोधनापेक्षा वेगळं कुठं पडतं? डॉक्टर बहुतेक वेळा औषध किंवा ऑपरेशनचा परिणाम मोजतात. नर्स विचारते की हा आजार घेऊन हे माणूस घरात कसं जगतंय. त्याला काय जाणवतं, काय कळत नाही, कुठं अडतं.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात जीन मॅक्स्वीनी नावाच्या नर्स संशोधक आहेत. झटका येऊन घरी गेलेल्या ५१५ बायकांशी त्यांच्या गटानं बोलून घेतलं आणि २००३ साली ते प्रसिद्ध केलं. प्रश्न साधाच होता: झटका यायच्या आधी तुम्हाला काय काय होत होतं? ९५ टक्के बायकांनी सांगितलं की आधीच्या काळात काहीतरी वेगळं जाणवत होतं. सगळ्यात जास्त, म्हणजे ७० टक्क्यांहून अधिक बायकांनी काय सांगितलं असेल? छातीत दुखणं नव्हे. नेहमीपेक्षा वेगळा, न समजणारा थकवा. जवळजवळ निम्म्या बायकांची झोप बिघडली होती. चाळीस टक्क्यांवर बायकांना दम लागत होता. आणि प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी ४३ टक्के बायकांच्या छातीत अजिबात दुखलं नव्हतं.

आता हे आपल्याकडं लावून बघा. भांगलणीवरून आलेली बाई "आज लई दमल्यासारखं झालंय" म्हणाली तर घरात कोण मनावर घेतं? "वय झालं", "उन्हाचं झालं असंल", "पित्त झालं असंल". सोडा-लिंबू घेऊन ती परत चुलीपुढं. तो अभ्यास अमेरिकेतल्या बायकांचा आहे, आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असं नाही. पण सिनेमात दाखवतात तसं छाती धरून खाली बसणं म्हणजेच झटका, ही समजूत आपल्याकडंही तितकीच घट्ट आहे. भारतातल्या ८९ हॉस्पिटलांमधल्या वीस हजारांवर रुग्णांचा अभ्यास २००८ साली आला, त्यात मोठा झटका आलेला माणूस हॉस्पिटलात पोचायला मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. त्यात वडापची वाट बघण्याचा वेळ असेल, तसा "गॅस झालाय" म्हणत बसण्याचाही असेल. आणि त्याच अभ्यासात, गरीब रुग्णांना योग्य उपचार कमी मिळाले आणि महिन्याभरात त्यांचे मृत्यू जास्त झाले, हेही दिसलं.

नर्सच्या हातात पाठपुरावा दिला तर काय होतं

आता मूळ मुद्दा. घरी सोडल्यावर नर्सनं रुग्णाला धरून ठेवलं तर फरक पडतो का?

अमेरिकेत सेंट लुईस शहरात सत्तरीच्या वरच्या २८२ रुग्णांवर एक प्रयोग झाला, १९९५ साली तो छापून आला. सगळ्यांचं पंपिंग कमजोर, पाण्यानं अंग सुजणारे, पुन्हा पुन्हा भरती होणारे. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार. उरलेल्या निम्म्यांना नर्सच्या देखरेखीखाली शिकवणी, आहार, गोळ्या सुटसुटीत करणं, घरभेटी आणि फोन. तीन महिन्यांत नेहमीच्या गटात परत भरती व्हायची वेळ ९४ वेळा आली, नर्सवाल्या गटात ५३ वेळा. खर्चही कमी निघाला.

स्वीडनमधला प्रयोग आणखी बोलका आहे. ॲना स्ट्रोमबर्ग या नर्स संशोधकाच्या गटानं १०६ रुग्ण घेतले. हॉस्पिटलमधून सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांत निम्म्या रुग्णांना नर्स चालवत असलेल्या हृदय दवाखान्यात बोलावलं. ती नर्स तपासायची, समजावायची, आणि ठरवून दिलेल्या नियमात राहून गोळीचा डोस कमी-जास्तही करायची. वर्षभरात तिच्याकडच्या रुग्णांपैकी ७ दगावले, दुसऱ्या गटात २०. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण सात आणि वीस यात फरक आहे.

इथंच लेख थांबवला तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं होणार नाही. कारण असे प्रयोग फसलेही आहेत. नेदरलँड्समध्ये टिनी यार्स्मा यांनी हजाराच्या वर रुग्णांवर मोठा अभ्यास केला, २००८ साली निकाल आला. नर्सचा साधा पाठपुरावा, नर्सचा भरपूर पाठपुरावा, आणि फक्त हृदयतज्ज्ञाकडं नियमित तपासणी असे तीन गट. मृत्यू आणि भरती मिळून पाहिलं, तर तिन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. दुसरा, कॅथलीन ड्रेकप यांचा. त्याही नर्सच. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले ३,५२२ हृदयरुग्ण. नर्सनं एकेकाला बसवून पाऊण तास समजावलं की झटक्याची लक्षणं कोणती आणि तेव्हा ताबडतोब काय करायचं. पुढं ज्यांना खरंच त्रास झाला, ते समजावलेले रुग्ण किती वेळात दवाखान्यात पोचले? सव्वादोन तासांच्या आसपास. न समजावलेले? तेही सव्वादोन तासांच्या आसपास.

मला या संशोधकांचं कौतुक यासाठी वाटतं की आपल्याच कामाचा निकाल उलटा आला तरी तो त्यांनी लपवला नाही. आणि या दोन फसलेल्या प्रयोगांतूनच आपल्या कामाची गोष्ट सापडते. नेदरलँड्समध्ये तिसऱ्या गटातला रुग्णही हृदयतज्ज्ञाकडं वेळेवर जात होता. जिथं आधीच चांगली काळजी मिळते, तिथं नर्सची भर घालून आणखी किती फरक दिसणार? आपल्याकडं माण-खटावच्या एखाद्या वाडीतला रुग्ण डिस्चार्जनंतर हृदयतज्ज्ञाला किती वेळा भेटतो? बस, दिवसभराची मजुरी, सोबतीला एक माणूस, फी, तपासण्या. एकदा जातो, दुसऱ्यांदा टाळतो, तिसऱ्यांदा फाईलच सापडत नाही. म्हणजे नर्सच्या पाठपुराव्याला फरक पाडायला सगळ्यात जास्त जागा आपल्याकडंच आहे.

ड्रेकप यांच्या अभ्यासाचा अर्थ आणखी सरळ आहे. एकदा बसवून भाषण दिलं म्हणून माणूस बदलत नाही. मामांना डिस्चार्जच्या वेळी समजावलं नव्हतं का? समजावलं होतं. मामांनी मानही डोलावली होती. त्यावेळी माणूस घाबरलेला असतो, घरी जायची घाई असते, नातेवाईक बिलाच्या खिडकीशी उभे असतात. काय डोक्यात राहणार?

बार्बरा रीगल, यार्स्मा आणि स्ट्रोमबर्ग या तिघींनी २०१२ साली या सगळ्याची एक मांडणी केली. जुनाट आजाराच्या माणसाला घरी तीन कामं करावी लागतात. एक, तब्येत सांभाळायची, म्हणजे गोळ्या, खाणं, चालणं. दोन, लक्ष ठेवायचं, म्हणजे वजन, सूज, दम. तीन, बदल दिसला की काहीतरी करायचं. माणसं बहुतेक तिसऱ्यावर अडतात. पायाला सूज दिसते, पण "उद्या बघू". हे तिसरं काम एकट्यानं जमत नाही, त्यासाठी ओळखीचं, विचारता येईल असं कुणीतरी लागतं.

आपल्या देशात करून बघितलंय

"तिकडचं तिकडं, आपल्याकडं नर्स आणायच्या कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेच्या डेनिस झेव्हियर आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर शोधलं. देशातल्या १४ हॉस्पिटलांमधले ८०६ रुग्ण, सगळे झटका किंवा त्याच जातीचा त्रास होऊन भरती झालेले. निम्म्यांना वर्षभर एका आरोग्य कार्यकर्त्याची सोबत दिली. हा कार्यकर्ता डॉक्टरही नव्हता आणि नर्सही नव्हता, या कामासाठी शिकवून तयार केलेला माणूस. तो रुग्णाशी गप्पा मारायचा, चित्रं दाखवायचा, रुग्णाकडून डायरी लिहून घ्यायचा आणि गोळी का चुकली ते विचारायचा. वर्षानंतर सोबत मिळालेल्यांपैकी ९७ टक्के जण औषधं नीट घेत होते, नसलेल्यांपैकी ९२ टक्के. वरचं बीपीही पहिल्या गटात जरा कमी होतं. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं.

कुणी म्हणेल, ९२ आणि ९७ यात काय मोठा फरक? पण अभ्यासात नाव घातलेला रुग्ण मुळातच थोडा जागा असतो, त्याची विचारपूस चालू असते. बाहेरची परिस्थिती वर दिलेल्या दहापैकी आठच्या आकड्यात दिसते. एक मात्र खरं की यात दिसलेला फायदा औषधं आणि बीपीचा आहे. यानं किती जीव वाचले, हे त्या अभ्यासातून सांगता येत नाही.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली पंपिंग कमजोर झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली आणि त्यांचा माग काढला. सरासरी वय ६१, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी लहान. पाच वर्षांत यातले ५९ टक्के रुग्ण गेले. केरळसारख्या राज्यात ही गत. बऱ्याच कॅन्सरइतका हा आजार गंभीर आहे, पण 'पंपिंग जरा कमी आहे' या शब्दांत ती गंभीरता घरच्यांपर्यंत पोचतच नाही.

प्रबंध कपाटात, रुग्ण वाडीवर

आता आपल्या राज्यातल्या नर्सिंग संशोधनाबद्दल थोडं कडू बोलतो. नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला प्रबंध करावा लागतो. हृदयरुग्णांवर असे प्रबंध ढिगानं होतात. साचा बहुतेक ठरलेला: एका 'निवडक' हॉस्पिटलात काही रुग्ण घ्यायचे, प्रश्नपत्रिका द्यायची, तक्ते दाखवून शिकवायचं, सात दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका परत द्यायची. मार्क वाढतात. 'शिक्षण परिणामकारक आहे' असा निष्कर्ष निघतो, प्रबंध बांधला जातो आणि कॉलेजच्या कपाटात जातो.

सात दिवसांनी मार्क वाढणारच की. सहा महिन्यांनी गोळी चालू आहे का, हे कोण विचारणार? विद्यार्थ्यांचा यात दोष कमी आहे. वेळ थोडा, पैसा नाही, मार्गदर्शकांवर वर्ग आणि ड्युटीचा भार. पण याच मुली-मुलांना, गावाकडच्या सामूहिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये, एका तालुक्यातले स्टेंटवाले रुग्ण शोधून वर्षभर दर महिन्याला भेटायला सांगितलं, तर त्यातून निघणारी माहिती मुंबईत बसून कुणाला मिळणार नाही. कोण कुठली गोळी का सोडतं? पैशामुळं, एसटीमुळं, की सुनेला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून? माझ्या मते या राज्यात हृदयरोगावर करण्यासारखं सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात स्वस्त संशोधन हे आहे.

सातारा जिल्ह्याला हे अवघड नाही

आपल्या जिल्ह्यानं यातला अर्धा रस्ता आधीच चालून झालाय. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात जे मोजके जिल्हे घेतले त्यात सातारा होता. त्या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. त्याची पद्धत अगदी साधी आहे: औषधं ठरलेली, ती जवळच्या केंद्रात मिळणार, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद आणि ठरल्या तारखेला कोण आलं नाही त्याचा शोध.

हीच पद्धत हृदयरुग्णांना का लागू होत नाही? कारण नोंदीची सुरुवातच नाही. आशाताई तिशीवरच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम विचारतात. हृदयरोगाचा उल्लेख आहे, पण तो आई-बाप, भावंडांना होता का असा. ज्याच्यापुढं बसून फॉर्म भरतोय त्याच्याच छातीत स्टेंट आहे का, हा प्रश्न तिथं येत नाही. आणि स्टेंट बसवणारं हॉस्पिटल पुण्यात, कराडला किंवा मुंबईत. तिथून उपकेंद्राला ना यादी येते, ना फोन. महात्मा फुले योजनेत कुणाची कुठली शस्त्रक्रिया झाली, कुठल्या गावचा माणूस, ही माहिती संगणकात आहे. ती गावाच्या उपकेंद्रापर्यंत खाली आली पाहिजे, रुग्णाची परवानगी घेऊन. यासाठी नवी इमारत लागत नाही.

उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. काही नर्सिंगचे, बरेच आयुर्वेदाचे पदवीधर, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले. बीपीचं मशीन आहे, वजनकाटा आहे, फोनवरून डॉक्टरांना विचारायची ई-संजीवनीची सोय आहे. "आशा आणि सिस्टरवर आधीच कामाचा डोंगर, त्यात हे आणखी एक" हा आक्षेप मला मान्य आहे. फुकटात आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाकू नये, त्याचा मोबदला धरलाच पाहिजे. पण काम किती, तेही बघा. आमच्या गावात मी स्वतः बसून मोजले: स्टेंट, बायपास, झडप आणि कमी पंपिंग मिळून अकरा माणसं. महिन्यातून अकरा भेटी.

तोवर घरात काय करता येईल

यंत्रणा जागी होईपर्यंत बसून राहायची गरज नाही. नर्सेसच्या या सगळ्या अभ्यासांत जे परत परत येतं त्यातलं घरी जमेल असं सांगतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवायच्या सहसा दोन गोळ्या देतात, झटका आला असेल तर साधारण वर्षभर. 'बरं वाटतंय' म्हणून, दात काढायचाय म्हणून किंवा मेडिकलमध्ये नाही म्हणून स्वतःच्या मनानं एकही बंद करायची नाही; स्टेंट अचानक बंद पडू शकतो. महाग वाटत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि जनऔषधी दुकानात त्याच औषधाची किंमत विचारा. योजनेतून उपचार झाले असतील तर काही उपचारांना पुढच्या तपासणी-औषधाचंही पॅकेज असतं. डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ते विचारूनच बाहेर पडा. आणि कुठली गोळी कशासाठी, कधीपर्यंत, हे तिथल्या सिस्टरकडून मराठीत लिहून घ्या. लाजू नका. त्यांचं ते कामच आहे.

पंपिंग कमी असेल तर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, सूज यायची वाट बघू नका. मामी आता कॅलेंडरच्या चौकटीत मामांचं वजन लिहितात. दिवाळीनंतर एकदा ६४ वरून ६६.५ झालं. फराळ, पापड, लोणचं सगळं मिठाचं. फोन केला, डॉक्टरांनी लघवीची गोळी चार दिवस वाढवून दिली, वजन उतरलं.

गुडघे दुखतात म्हणून बाजारच्या दिवशी दुखण्याचं इंजेक्शन किंवा गोळ्यांची पुडी घ्यायची सवय आपल्याकडं भारी आहे. कमजोर हृदयाच्या माणसाला यातली बरीच औषधं घातक, अंगात पाणी धरून ठेवतात. कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर आधी "मला हृदयाचा त्रास आहे" सांगायचं, मग गुडघा दाखवायचा. जिभेखालची गोळी घ्यायची तर बसून घ्या, उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. त्यानं पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८. मिसरी लावणाऱ्या आयाबायांनो, ती तंबाखूच आहे बरं.

व्यायामाची भीती मात्र बाळगू नका. देशातल्या २४ केंद्रांवर जवळजवळ चार हजार झटका आलेल्या रुग्णांना योगाधारित कार्यक्रम दिला, २०२० साली निकाल आला. पुढचे झटके आणि मृत्यू यात ठोस फरक निघाला नाही. पण योग केलेल्या माणसांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ती आपल्या आधीच्या कामाला जास्त परतली. औषधाला पर्याय नाही, जोडीला उत्तम. शेतात परत कधी आणि किती काम करायचं, हे मात्र डॉक्टरांना विचारून.

ग्रामसभेत विचारा

गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो. पुढच्या ग्रामसभेत सरपंच आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: आपल्या उपकेंद्राकडं गावातल्या हृदयरुग्णांची यादी आहे का? नसेल तर कधी करणार? आणि रक्त पातळ करायच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज शिल्लक आहेत का? जावळी-पाटणच्या वाड्यावस्त्यांवरच्या मंडळींनी तर नक्की विचारा, तिथं पावसाळ्यात चार महिने मेडिकलपर्यंत जाणंच मुश्किल होतं.

काय उत्तर मिळालं ते गावाच्या नावासह आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. रुग्णांची नावं पाठवू नका, फक्त आकडा आणि उत्तर. तालुकावार तक्ता करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढं ठेवू आणि ते काय म्हणाले, तेही इथंच छापू.